चुलतभावाचे दात

कवळीकाका माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत. चेहरा म्हणजे त्यांच्या मते दातांवर चढवलेला अभ्रा, तो कोणाचाही सारखाच. रस्त्यात कोणी हात केला की ते गोंधळून जात आणि समोरच्याने एकदा हसावे, निदान जांभई तरी द्यावी, म्हणून ताटकळत उभे राहत. तो हसला की काकांना उलगडा होई. "अच्छा, वरचा उजवा सुळा जरा पुढे. म्हणजे तुम्ही पोस्टमास्तर. बसा, बसा," असे ते भर रस्त्यात म्हणत, जिथे बसायला काहीही नसे.

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, मोरीला लागून, एक लांबोळकी खोली होती. तिथे काका अठ्ठावीस वर्षे कवळ्या करत होते. आधी म्हाताऱ्या डॉक्टरांसाठी आणि गेली नऊ वर्षे त्यांच्या मुलीसाठी, जिला सगळे मॅडम म्हणत. मॅडम पुढच्या खोलीत पेशंटच्या तोंडाचे माप घेत आणि स्वतः ट्रे घेऊन मागे येत. काका त्या मापात प्लॅस्टर ओतून जबड्याचा साचा काढत, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवत, मेणात एकेक दात रोवत. भिंतीभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर अख्ख्या गावाचे जबडे नंबर घालून मांडलेले होते. नवीन माणूस खोलीत आला की दचके. काकांना मात्र तिथे भरल्या घरात बसल्यासारखे वाटे.

हात मात्र सोन्याचा, हे कोणीही कबूल करील. कवायतीला उभी केल्यासारखी पांढरीशुभ्र रांग काकांना आवडत नसे. ते पेशंटकडून जुना फोटो मागून घेत आणि भिंगातून तास तास बघत बसत. एका आजीबाईंच्या पुढच्या दोन दातांत पूर्वी फट होती, ती त्यांनी कवळीतही ठेवली. आजीबाई आधी रागावल्या, मग आरशात बघून रडल्या आणि पुढे त्या फटीतून शिटी वाजवून नातवंडांना बोलावू लागल्या.

कवळी हातात देताना काकांचे प्रवचन ठरलेले असे. "मऊ ब्रशने घासायची. धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरायचा, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही. झोपताना पाण्यात ठेवायची. सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. पोटच्या पोरासारखी जपा." लोक मान डोलावत आणि खरोखरच जपत.

हे झाले लोकांच्या दातांचे. आता काकांच्या स्वतःच्या दातांकडे वळू, आणि वळताना जरा नाक धरू.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने केली त्याने काकांना सकाळी मोरीत उभे असलेले पाहिले असावे. कवळीला शेवटची चकाकी आणायला एक करडी, खरखरीत पूड असते. ती ओली करून फिरत्या चाकावर लावली की कवळी लखलखते. काकांनी कधीकाळी विचार केला, जी पूड कवळीला चालते ती दाताला का चालू नये? हा विचार कवळी करणाऱ्याशिवाय दुसरा कोणी करूच शकत नाही, कारण दुसऱ्या कोणाच्या घरात ती पूड नसते. काका रोज चिमूटभर पूड कामावरच्याच राठ ब्रशवर घेत आणि सुताराने रंधा मारावा तसे आडवे घासत. दात चमकत, यात शंका नाही. फक्त दरवर्षी थोडे कमी उरत. हिरड्या मागे सरकल्या, दातांच्या मुळाशी खाचा पडल्या, गार पाणी लागले की काका एका पायावर उभे राहत. जिथे रक्त येई तिथे मात्र ते ब्रश फिरकू देत नसत. जखमेवर कोणी ब्रश फिरवतं का, असे त्यांचे शास्त्र. मग तिथे कीटण साचे, कीटणाने हिरडी सुजे, सुजली की आणखी रक्त येई आणि काका ब्रश आणखी लांब ठेवत.

एवढा दवाखाना बारा पावलांवर असताना दाखवायचे नाही का? नाही. त्याला कारण ती मधली भिंत. अठ्ठावीस वर्षे काकांनी त्या भिंतीपलीकडून फक्त आवाज ऐकले होते. यंत्राचा घर्रर्र आवाज, मग कोणाचे तरी "आऽऽ", मग "झालंच, झालंच" असा धीर, मग पुन्हा "आऽऽ". पेशंट बरा होऊन हसत जाई तो पुढच्या दाराने, त्यामुळे गोष्टीचा शेवट काकांना कधी दिसलाच नव्हता. त्यांच्या हिशेबी त्या खुर्चीत बसलेला माणूस अजून तिथेच कण्हत होता.

आणि दुसरे एक कारण बिस्किटाच्या डब्यात होते.

दोन वर्षांपूर्वी, काम थंड असताना, काकांनी स्वतःच्याच तोंडाचे माप घेतले होते. मापाचा मसाला थोडा गिळलाही. मग साचा काढून त्यावरचे आपले सगळे दात करवतीने उडवले आणि त्या बोडक्या हिरड्यांवर स्वतःची कवळी करायला घेतली. आयुष्यात इतक्या मन लावून त्यांनी काही केले नव्हते, लग्नसुद्धा. दातांचा रंग चार वेळा बदलला. समोरचा खालचा एक दात किंचित वाकडा बसवला, कारण त्यांचा खरा दात तसा होता आणि लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बायको म्हणाली होती की त्या वाकड्या दातामुळे तुमचं हसणं खरं वाटतं. कवळी झाली आणि काकांचे डोळे भरून आले. मऊ कागदात गुंडाळून त्यांनी ती घरी नेली आणि कपाटावर, बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. त्या दिवसापासून तोंडातले दात म्हणजे त्यांना भाडेकरू वाटू लागले. आज ना उद्या जातील, मग घरची माणसं येतील. असे वाटणारा माणूस दातांची काय कदर करणार?

हल्ली तो वाकडा दात हलू लागला होता. काका जिभेने त्याला ढकलून बघत. अर्धी भीती वाटे, अर्धी हौस. डब्यातली कवळी बसते तरी कशी हे बघण्यासाठी त्यांनी पुन्हा एकदा स्वतःचे माप घेतले, साचा काढला आणि वाळायला म्हणून टेबलावर ठेवला. तेवढ्यात मॅडम ट्रे घेऊन आत आल्या.

"कोणाचा हो हा साचा? यावर नंबर नाही."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. "माझ्या चुलतभावाचा," ते म्हणाले.

"तुम्हाला चुलतभाऊ आहे?"

"दूरचा आहे."

"दूरचा चुलतभाऊ?"

"म्हणजे नात्याने जवळचाच. राहतो लांब."

मॅडमनी साचा उजेडात धरला. "हा माणूस दात घासतो की तासतो?" त्या म्हणाल्या. "हिरड्या बघा कुठल्या कुठे गेल्यात. आणि या खाचा. काय लावतो हा, रेती?"

"साधा माणूस आहे. त्याला कोणी सांगितलंच नाही."

"मग तुम्ही सांगा. खालचे पुढचे चार दात जायच्या वाटेवर आहेत, पण अजून गेले नाहीत. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरायचा, हळूहळू, दोन मिनिटं, सकाळी आणि झोपायच्या आधी. दातांच्या फटीत दोरा फिरवायचा. रक्त येतं तिथे तर आठवणीने घासायचं, घाण बसलीय म्हणून ते रक्त येतं. आणि एकदा येऊन कीटण काढून घ्यायचं. तीन महिने मनावर घेतलं तर राहतील."

"राहतील?" काकांनी विचारले. आपल्याच आवाजातली आशा ऐकून ते जरा दचकले.

"चुलतभावाचे राहतील," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

काकांनी मनावर घेतले का? छे. त्यांनी फक्त चौकशी मनावर घेतली. दर दोन दिवसांनी ते चुलतभावाचा निरोप घेऊन पुढे डोकावत. "तो विचारतोय, कीटण काढलं की दात सैल होतात म्हणे?" मॅडम म्हणत, "त्याला सांगा, कीटण म्हणजे सिमेंट नव्हे. त्याच्या आधाराने दात उभे असतील तर ते आधीच गेलेत." दोन दिवसांनी पुन्हा, "तो विचारतोय, खुर्चीत फार दुखतं का?" मॅडम म्हणत, "थोडं झिणझिणतं. फारच घाबरट असेल तर तुम्ही त्याचा हात धरून बसा." एका खोट्यासाठी दहा खोटी रचावी लागतात. चुलतभावाला आता एक गाव होते, म्हशी होत्या, गुडघेदुखी होती. एकदा मॅडमनी म्हशींची चौकशी केली आणि काकांनी न अडखळता एक व्यायल्याची बातमी दिली.

घरी बेसिनपाशी मात्र तीच पूड, तोच रंधा.

मग एका रविवारी दुपारी मेहुणा चहाला आला. बायको घराजवळच्या शाळेत पी.टी.च्या बाई होती. शिटी गळ्यात नसली तरी ती असल्याचा भास होई. बिस्किटे संपली होती, म्हणून तिने स्टुलावर चढून कपाटावरचा डबा काढला. डबा हलवून पाहिला, आत खडखडले. तिने तो भावासमोर ठेवून झाकण उघडले. डब्यातून कवळी मेहुण्याकडे बघून प्रसन्न हसली.

मेहुण्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "ताई, मी नुसता चहा घेतो," तो म्हणाला.

तो गेल्यावर बायकोने डबा काकांच्या पुढ्यात ठेवला. "ही कोणाची?"

"माझी."

"तुमचे दात तर तोंडात आहेत."

"हे पुढचे आहेत. हे गेल्यावर लावायचे." आणि कारागिराचा अभिमान काही सुटेना, म्हणून त्यांनी भर घातली, "तो वाकडा दात बघ. हुबेहूब आहे की नाही?"

बायकोने कवळी हातात घेतली. तो वाकडा दात बघितला, त्यावरून बोट फिरवले. काकांना वाटले, आता ती म्हणणार, किती सुरेख. ती म्हणाली, "म्हणजे दात असताना तुम्ही त्यांची तयारी करून ठेवलीत. मला एक सांगा. माझ्या जागी बसवायला कुठल्या डब्यात कोणी करून ठेवलीय का? म्हणजे मीसुद्धा पडायला मोकळी."

काका हसले नाहीत. हसण्यासारखे होते, पण ती हसत नव्हती.

"अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या दातांच्या गोष्टी ऐकतेय मी," ती म्हणाली. "त्या शिटीवाल्या आजीबाईंसाठी तीन आठवडे खपलात. मी पेरू कापला की तुम्ही म्हणता भूक नाही. तुम्हाला चावता येत नाही हे मला कळत नाही होय? हल्ली मी पेरू आणणंच सोडलं. मला आवडतात पेरू."

एवढे बोलून ती कपबशा विसळायला गेली. काका डब्याकडे बघत बसले. त्यांना फार वाईट वाटले. आपल्यापायी या बाईने पेरू सोडला आणि आपल्याला पत्ता नाही, ही गोष्ट त्यांना हलत्या दातापेक्षा जास्त टोचली. उठून ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मऊ ब्रश मागितला. दुकानदाराने विचारले, "लहान मुलासाठी?" काका म्हणाले, "हो, चुलतभावाच्या."

पहिले चार दिवस बेसिन लालेलाल झाले. काका पांढरेफटक पडून मॅडमकडे गेले. "चुलतभाऊ म्हणतो, रक्त वाढलं."

"त्याला म्हणावं, सोडू नको. आठवडा-दोन आठवड्यांत कमी होईल."

बायको मोरीच्या दारात घड्याळ घेऊन उभी राही आणि दोन मिनिटे झाल्याशिवाय हलू देत नसे. तिरपा ब्रश, हळूहळू, आतल्या बाजूनेसुद्धा. काकांचा हात सवयीने रंध्यासारखा आडवा धावू लागला की ती नुसती खाकरे. दहाव्या-बाराव्या दिवशी बेसिन पांढरे राहिले. काकांनी तिला मुद्दाम बोलावून ते पांढरे बेसिन दाखवले. तिने बघितले आणि म्हणाली, "बरं. आता दोरा."

राहता राहिली खुर्ची. मॅडमनी एक दिवस मागे येऊन सांगितले, "चुलतभावाला मंगळवारी अकरा वाजता आणा. खुर्चीत बसल्याशिवाय ते कीटण जाणार नाही आणि ते गेल्याशिवाय दात घट्ट होणार नाहीत."

"त्याच्या म्हशी आहेत हो."

"म्हशींचे दात चांगले असतात. त्यांना राहू द्या गावी."

काकांनी तीन दिवस विचार केला. चुलतभाऊ आजारी पाडावा का? परदेशी धाडावा का? एकदा तर त्यांनी त्याला मारूनच टाकायचे ठरवले, पण दोन-अडीच महिन्यांच्या सहवासाने त्याच्याविषयी माया उत्पन्न झाली होती. शेवटी मंगळवारी अकराला पाच कमी असताना ते मागच्या दाराने बाहेर पडले, दवाखान्याला वळसा घालून अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने आत आले आणि शाळेतून सुटी काढून आधीच बाकावर येऊन बसलेल्या बायकोच्या शेजारी बसले. मॅडम दारात आल्या, बाकावर नजर टाकली आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "चुलतभाऊ, या आत."

काका उठले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. काका, तुम्ही रोज माझ्यासमोर हसता. तो खालचा वाकडा दात मी नऊ वर्षं बघतेय."

अख्ख्या गावाला दातांवरून ओळखणाऱ्या या माणसाच्या कधी मनातच आले नव्हते की आपल्यालाही कोणी दातांवरून ओळखत असेल. आपले दात कोणी इतके दिवस बघत होते, या विचाराने त्यांना लाज वाटली आणि बरेही वाटले.

खुर्ची मागे झुकली. घर्रर्र सुरू झाले. काकांनी "आऽऽ" केले आणि तो आवाज त्यांना ओळखीचा वाटला, फक्त या वेळी तो भिंतीच्या अलीकडून येत होता. झिणझिणले, पाणी उडाले, "झालंच, झालंच" म्हणत मॅडमनी आणखी वीस मिनिटे घेतली. मग काकांनी चूळ भरली, उठले आणि पुढच्या दाराने बाहेर आले. बाहेर ऊन होते. बाकावरची दोन माणसे त्यांच्याकडे भीतीने बघत होती. काका त्यांच्याकडे बघून मनापासून हसले, कारण गोष्टीचा शेवट असा असतो हे आपल्याला कोणी आधी सांगायला हवे होते, असे त्यांना राहून राहून वाटत होते.

तीन महिने उलटल्यावर, पुढच्या तपासणीत मॅडमनी वाकड्या दातावर बोट ठेवून हलवून बघितले. दात जागचा हलला नाही. गेलेली हिरडी काही परत आली नव्हती, खाचाही राहिल्या, त्या त्यांनी भरून दिल्या. पण दात राहिले होते. त्या दिवशी बायकोने पेरू आणले, काकांनी एक अख्खा चावून खाल्ला आणि ती समोर बसून आपला खात राहिली.

खरे सांगायचे तर काकांना थोडी हळहळ वाटली. आयुष्यातले सर्वांत सुंदर काम डब्यात पडून राहणार आणि ते तोंडात घालायचा योग येणार नाही. आपल्याच धडधाकट दातांचा राग येणारा माणूस जगात बहुधा तो एकच असावा. हे मॅडमना कळले तेव्हा त्यांनी कवळी मागून घेतली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एका छोट्या लाकडी बैठकीवर ती मांडली, शेजारी एक मऊ ब्रश ठेवला आणि दर मंगळवारी काकांनी पुढे येऊन पेशंटना त्या कवळीवर दात घासून दाखवायचे, असे ठरवून टाकले. काका तिरपा ब्रश धरत, हळूहळू, दोन मिनिटे. कोणाचा हात आडवा जाऊ लागला की ते बायकोसारखे खाकरत.

एका मंगळवारी बाकावर एक बोळक्या तोंडाचे आजोबा येऊन बसले. त्यांनी ती कवळी बघितली आणि त्यांचा जीव तिच्यात अडकला. जवळ जाऊन वाकून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"हीच द्या मला," ते काकांना म्हणाले. "असे दात मी उभ्या जन्मात बघितले नाहीत. तो वाकडा तर बघा, जसा खराच."

"ती नाही देता येणार, आजोबा. ती एका माणसाच्या मापाची आहे. तुमच्या मापाची तुम्हाला याहून चांगली करून देतो. जुना फोटो आणा."

"कोणाची आहे ही?"

"माझ्या चुलतभावाची."

"मग त्याने इथे कशी ठेवली?"

"त्याला आता लागत नाही."

आजोबांनी टोपी काढली. हात जोडले आणि हळू आवाजात विचारले, "गेले का?"

"नाही हो," काका म्हणाले, आणि हसले तेव्हा तो वाकडा दात दिसला. "सुधारला."